निर्वासितांच्या कहाण्या नोंदवताय? या चुका टाळा

गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शी, मुलचेरा तालुक्यांत बंगाली निर्वासितांची गावं आहेत. पूर्व पाकिस्तानातून निघून, कोणी रायपूरजवळच्या माना कॅम्पात दिवस काढून, १९६० च्या दशकात ही माणसं इथं आली. तेव्हा हा सारा चांदा जिल्हा होता. त्या वाटेवर जे आईचा पदर धरून होते, तेच आता सत्तरीच्या आसपास आहेत. त्यांचं बोलणं टिपायला निघालेल्यांसाठी हे लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे त्यांना मराठीत बोलायला लावणं. बाजाराचं, तलाठ्याकडचं मराठी त्यांना छान येतं. पण नदी, होडी, मागं राहिलेलं घर हे त्या मराठीत येत नाही. चार वाक्यांत आटोपतं. बंगालीतच बोलू द्या. घरातली नात शेजारी बसवा, अडलं तर ती सांगेल.

लिहून काढतानाही शब्द फसवतात. एक आजोबा म्हणाले, ‘आमार देश बोरिशाल.’ मी वहीत लिहिलं, भारत देश. बंगालीत देश म्हणजे आपलं मूळ गाव, आपला मुलूखही; बोरिशाल तिकडचं, पूर्व पाकिस्तानातलं. त्या एका शब्दानं माझी दोन पानं चुकली. ‘डोल बंद झाला’ हे वाक्य आपल्याला विहिरीवरच्या डोलाचं वाटतं. ते असतं कॅम्पात मिळणाऱ्या सरकारी पैशांबद्दल. असे शब्द आहेत तसेच ठेवा, अर्थ बाजूला लिहा.

‘कोणत्या साली आलात?’ असं थेट विचारू नका. तुमचं मन राखायला ते एखादा आकडा सांगतात आणि तोच पुढं पक्का होऊन बसतो. शेतात तेव्हा काय उभं होतं, धाकटं भावंड जन्मलं होतं का, मार्कंड्याची जत्रा पहिल्यांदा कधी पाहिली, असं विचारा. कुणी बंगाली साल सांगितलं तर वैशाखापासून पौषाच्या मध्यापर्यंत ५९३ मिळवा, त्यानंतर ५९४. १३७० चा माघ म्हणजे १९६४ चा जानेवारी-फेब्रुवारी. खुलना, ढाक्याकडच्या दंगलींचा तोच हिवाळा, म्हणून हा हिशेब चुकवू नका.

बाईची कहाणी नवऱ्यासमोर घेऊ नका. तो मधेच तिचं वाक्य पुरं करतो. तिच्याशी चुलीपाशी बसा. इथं आल्यावर पहिल्यांदा काय रांधलं, तिथून सुरू करा. दंगलीत काय झालं हे पहिल्या दिवशी विचारायचंच नाही. ती आपणहून तिथं आली आणि थांबली, तर तुम्हीही थांबा.

भाताच्या रोवणीच्या दिवसांत जाऊ नका, कुणाला बसायला सवड नसते. फोन एरोप्लेन मोडवर टाका, पंखा बंद करा, सुरुवातीलाच तारीख, गाव आणि हजर माणसं बोलून घ्या. रेकॉर्डिंगच्या तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या घरी.

बॉर्डर स्लिप म्हणजे सीमा ओलांडताना मिळालेली चिठ्ठी, जुने कॅम्पाचे कागद, असं काही दाखवलं तर त्यांचे फोटो ग्रुपवर टाकू नका. त्याच कागदांवर त्या घराचं नागरिकत्व उभं असतं. फोटो काढायचाच तर विचारून, आणि तो कुणाला दाखवणार तेही सांगून.

शेवटी मेमरी कार्डात एक प्रत घालून घरी नेऊन द्या आणि त्यांच्यासोबत बसून ऐका. ऐकताना आजी हमखास म्हणते, ‘ते नाव तसं नाही.’ तेव्हा रेकॉर्डर पुन्हा सुरू असू द्या.