बाहेरून आलेलं मॉडेल एमएलफ्लोमध्ये चढवायचंय? आधी दहा ओळी मागून घ्या

दुसऱ्या टीमने किंवा कन्सल्टंटने मशीन लर्निंगचं मॉडेल बनवलं, मेलमध्ये एक पिकल फाईल (पायथनमधलं मॉडेल जसंच्या तसं साठवलेली फाईल) आली आणि वर 'तेवढं रजिस्ट्रीत टाकून दे' असा निरोप, हे आमच्याकडे चालूच असतं. रजिस्ट्री म्हणजे एमएलफ्लो या मॉडेल सांभाळायच्या साधनातली मॉडेल्सची नोंदवही. टाकायला पाच मिनिटं लागतात हो, खरी भानगड त्याच्या आधीची आहे.

फाईलला हात लावायच्या आधी पाठवणाऱ्याकडून पायथन आणि सायकिट-लर्न (पायथनमध्ये मॉडेल बनवायची लायब्ररी) यांची नेमकी व्हर्जन्स मागा, कॉलमची यादी ट्रेनिंगच्या वेळच्याच क्रमाने मागा, आणि दहा ओळींचा डेटा त्यांना आलेल्या स्कोअरसकट मागा. या दहा ओळी द्यायला लोक जाम कुरकुर करतात, पण त्या आल्याशिवाय पुढे जायचं नाही.

मग त्याच व्हर्जनचं वेगळं एन्व्हायर्नमेंट बनवून फाईल लोड करा. व्हर्जन जुळलं नाही तर सायकिट-लर्न बऱ्याचदा नुसती वॉर्निंग देतं आणि मॉडेल लोड होतं, मग आपल्याला वाटतं झालं काम, आणि आकडे मात्र गुपचूप बदललेले असू शकतात. शिवाय पिकल उघडलं की आतला कोड चालू शकतो, त्यामुळे पाठवणारा भरवशाचा नसेल तर फाईल उघडायचीच नाही.

आता दहा ओळी चालवा. आमचं एक लॉजिस्टिक रिग्रेशन होतं, कर्ज थकेल का ते सांगणारं. एका ओळीला त्यांचा स्कोअर ०.३७, माझ्या नोटबुकमध्येही ०.३७, पण रजिस्ट्रीतून लोड केल्यावर आलं चक्क ०! अर्धा दिवस गेला माझा. कारण साधं होतं, एमएलफ्लोचं पायफंक (कुठलंही मॉडेल एकाच पद्धतीने चालवायचं वेष्टन) सायकिट-लर्न मॉडेलचं प्रेडिक्ट हे फंक्शन बोलावतं, म्हणजे हो किंवा नाही एवढंच, शक्यता हवी असेल तर मॉडेल लॉग करतानाच, म्हणजे एमएलफ्लोमध्ये साठवतानाच, प्रेडिक्ट-प्रोबा वापर असं सांगावं लागतं. म्हणून या ओळी दोनदा चालवायच्या, लॉग करायच्या आधी आणि रजिस्ट्रीतून परत लोड केल्यावर.

लॉग करताना सिग्नेचर, म्हणजे कुठले कॉलम कुठल्या प्रकारचे येणार आणि उत्तर कसं जाणार याची यादी, द्याच, आणि तेही याच ओळींवरून काढा. वयासारखा पूर्णांकाचा कॉलम असेल आणि त्यात कधी रिकामी जागा येणार असेल तर तो आधीच दशांश करून घ्या, कारण एक जरी वय रिकामं आलं तरी पांडाज (पायथनमधली तक्ते हाताळायची लायब्ररी) अख्खा कॉलम दशांश करतं आणि मग सिग्नेचर तो घेत नाही, सगळी बॅच अडकते.

लॉजिस्टिक मॉडेल आर या भाषेतलं असेल तर तिथल्या जीएलएम फंक्शनचं प्रेडिक्ट काही न सांगता लॉग-ऑड्स (शक्यतेचंच वेगळं माप, जे उणेही असू शकतं) देतं, शक्यता नाही. पाठवलेल्या स्कोअरमध्ये उणे आकडे दिसले की समजायचं, प्रेडिक्टला 'रिस्पॉन्स' प्रकार सांगायचं राहिलंय.

दहाच्या दहा जुळले की नाव देऊन रजिस्टर करा, पहिलं व्हर्जन आपोआप पडतं. कोणी बनवलं, कुठल्या तारखेपर्यंतचा डेटा वापरला ते टॅगमध्ये लिहून टाका, सहा महिन्यांनी कोणालाच आठवत नाही. स्टेजिंग-प्रॉडक्शनवाल्या स्टेज एमएलफ्लो २.९ पासून डेप्रिकेटेड आहेत, म्हणजे आता वापरू नका असं सांगितलंय, त्याऐवजी चॅम्पियन असा अलायस (एखाद्या व्हर्जनला लावलेलं, नंतर हलवता येणारं टोपणनाव) लावा आणि स्कोअरिंगच्या कोडमध्ये व्हर्जनचा आकडा न लिहिता अलायसच लिहा, म्हणजे उद्या दुसरं व्हर्जन बिघडलं तर अलायस पहिल्यावर सरकवायचा, कोडला हात लावायची गरज नाही, फक्त चालू असलेल्या सर्व्हिसने मॉडेल परत लोड केलंय ना तेवढं बघा.