जळगावात बसून गोव्याची जुनी कॅटामरान घेताय? या चुका टाळा

खान्देशातून समुद्र म्हटला की नवापूरमार्गे सुरत, नाहीतर कल्याण गाठून मुंबई. तरी भुसावळ-जळगाव-धुळ्याकडे शिडाच्या बोटीची हौस असलेली माणसं आहेत. केळीला भाव बरा मिळाला की रात्री मोबाईलवर जाहिराती चाळणं सुरू होतं. दोन हलची (पाण्यात बसणाऱ्या दोन लांब सांगाड्यांची), तीस फुटांच्या आसपासची, आत चौघं झोपतील अशी जुनी कॅटामरान. कधी गोव्यात, कधी कोचीत, कधी थेट थायलंड-मलेशियातल्या फुकेट-लंगकावीला. घेणारा इथे पंचेचाळीस अंशांत, आणि विकणारा कॅमेरा फिरवेल तेवढीच बोट त्याला दिसते. पुढच्या जवळपास सगळ्या चुका इथून निघतात.

फोटोवर बयाणा देणं

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा पळवून बघितल्याशिवाय कोणी खिशात हात घालत नाही. बोटीच्या बाबतीत मात्र भलेभले व्यापारी "आप्पा, दुसरं गिऱ्हाईक उद्या येतंय" एवढं ऐकून पैसे पाठवतात. रूढ पद्धत अशी आहे: ठरलेल्या किमतीच्या साधारण दहा टक्के बयाणा, तोही लेखी अटीवर. सर्वे (तज्ज्ञाने केलेली बोटीची तपासणी) किंवा समुद्रातली चाचणी पटली नाही तर रक्कम परत. बोट पाण्याबाहेर काढायचा खर्च आणि सर्वेअरची फी घेणाऱ्याची. म्हणूनच सर्वेअरही घेणाऱ्यानेच शोधायचा. विकणाऱ्याकडचा 'तयार रिपोर्ट' वाचा जरूर, पण त्यावर सौदा करू नका.

आणि एकदा तरी स्वतः जा. मंगला एक्सप्रेस जळगावहून थेट मडगावला आणि पुढे एर्नाकुलमला जाते. लाखांच्या व्यवहारात या तिकिटाचा हिशेब करणाऱ्यांचं मला नेहमी नवल वाटतं.

डेक ठोकून न बघणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. बहुतेक फायबरच्या कॅटामरानचा डेक सँडविचसारखा असतो: वर-खाली फायबरचे पातळ थर, मध्ये बाल्सा लाकूड किंवा फोम. रेलिंगचे खांब, खिडक्या, हॅच (डेकवरची झाकणं), शिडांच्या तारा अडकवायच्या पट्ट्या, हे सगळं बोल्ट मारून बसवलेलं असतं. दहा-पंधरा वर्षांत बोल्टभोवतीचं सीलंट वाळतं, पाणी झिरपतं आणि आतला बाल्सा कुजून काळा लगदा होतो. वरून डेक चकचकीतच दिसतो. फोम असला तर तो कुजत नाही, पण थर सुटतात.

तपासणी अगदी साधी आहे. प्लास्टिकच्या डोक्याची छोटी हातोडी घेऊन विती-वितीवर हलकं ठोकत जायचं. चांगल्या जागी 'टण्' असा कोरडा आवाज येतो, खराब जागी 'भद्'. सर्वेअरला खडू घेऊन जायला सांगा आणि 'भद्' आवाजाच्या जागेभोवती रेघ मारून घ्या. मग वरून एकच फोटो. एखाद्या खांबाच्या बुडाशी तळहाताएवढा डाग असेल तर तो भावात बसवता येतो. मास्टच्या (शिडाच्या डोलकाठीच्या) पायथ्यापासून केबिनच्या कडेपर्यंत रेघ गेली असेल तर सौदा सोडा. वरचा थर कापा, कुजलेलं काढा, वाळवा, नवा कोअर (मधला थर) भरा, वर पुन्हा फायबर चढवा, यात महिने जातात आणि मजुरी बोटीच्या किमतीशी स्पर्धा करते. जाहिरातीत 'डेकला नुकताच रंग दिलाय' असं असेल तर हातोडी दोनदा फिरवा.

दोन हलना जोडणाऱ्या पुलाचा खालचा भाग सहसा कोणी बघत नाही. लाटा तिथे थपडा मारतात. आडव्या भेगा असतील तर त्या तिथेच सापडतात.

खालून बघायला क्रेन मिळत नसेल तर भरती-ओहोटी वापरा. छोट्या स्थिर कील (तळाखालचे पंख) असलेली कॅटामरान ओहोटीला वाळूवर सरळ बसते. मुंबईकडे मोठ्या भरतीला पाण्याची पातळी चार मीटरहून जास्त वर-खाली होते, त्यामुळे तपासायला काही तास हातात येतात. सेलड्राइव्हचा (इंजिनाची ताकद हलमधून खाली पंख्यापर्यंत नेणाऱ्या भागाचा) पाय कीलच्या खाली येत असेल तर मात्र हा उद्योग करू नका.

मे महिन्यातला 'स्वस्त' भाव

पश्चिम किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर छोट्या बोटींचं काम बंद. पावसाळ्याच्या तोंडावर मालक भाव उतरवतो, कारण चार महिन्यांचं पार्किंग, झाकण आणि राखण आता तुमच्या गळ्यात पडणार असते. तो खर्च मिळवूनच भावाची तुलना करा. लंगकावीहून आणायची असेल तर त्यासाठी लागणारा ईशान्येचा वारा डिसेंबर ते मार्च चालतो. एप्रिलमध्ये घेतली तर पुढच्या हंगामापर्यंत तिथलंच भाडं भरत बसाल.

घाई नसेल तर जुलैत जाऊन या. मुसळधार पावसात गाद्या उचलून कपाटांचे कोपरे हाताने चाचपले की गळती कुठे आहे ते कोणी सांगावं लागत नाही.

कागद उलटून न बघणं

गोव्यात उभी असलेली परदेशी झेंड्याची बोट स्वस्त दिसते तेव्हा पहिला प्रश्न: कस्टम भरलंय का? फिरायला आलेली परदेशी यॉट भारतात विकली की आयातीचा कर लागू होतो. सप्टेंबर २०२५ पासून यॉटवर जीएसटीच ४० टक्के आहे, कस्टम ड्युटी वेगळी. विकणारा बिल ऑफ एंट्री (आयातीचा कस्टमचा कागद) दाखवत नसेल तर बोलणं तिथेच थांबवा.

ब्रिटिश नोंदणीची बोट असेल तर एक फरक लक्षात ठेवा. तिथल्या 'स्मॉल शिप्स रजिस्टर'चा दाखला मालकी सिद्ध करत नाही. त्याच ब्रिटिश नोंदवहीच्या 'पार्ट वन' या भागातली नोंद करते, आणि बोटीवरचं कर्जही त्यात दिसतं. तिथे मालकीचे ६४ हिस्से असतात, त्यामुळे सहीला सगळे हिस्सेदार लागतात. आपल्याकडे शेताच्या सातबाऱ्यावर बहिणीचं नाव राहिलं की काय होतं, हे खान्देशात समजावून सांगायला नको.

बोट परदेशातच ठेवणार असाल तर पैसे पाठवण्याआधी बँकेत आणि सीएकडे बसा. आर्थिक वर्षात माणशी अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे आणि अशा कारणासाठी १० लाख रुपयांच्या वर २० टक्के टीसीएस (बँक आगाऊ वसूल करते तो कर) कापला जातो. तो आयकरात वळता होतो, पण तोपर्यंत रक्कम अडकते.

"हतनूर धरणात आणून ठेवू"

नाही येणार. रस्त्यावर वाहनाची रुंदी साधारण २.६ मीटरपर्यंतच चालते. अरुंद म्हणून ओळखली जाणारी जेमिनी १०५ कॅटामरान सुद्धा १४ फूट, म्हणजे सव्वाचार मीटर रुंद आहे. वॉरम या डिझायनरची टिकी २६ कॅटामरान सुटी करता येते, कारण तिच्या आडव्या तुळया दोरांनी बांधलेल्या असतात आणि हल वेगळे ट्रकवर चढतात. ती प्लायवूड-इपॉक्सीची असते, म्हणून तुळयांच्या बैठकीत आणि हॅचच्या कडेला टोच्या खुपसून बघा. धरणात उतरवायचीच असेल तर नोंदणी आणि जलसंपदा खात्याची परवानगी आधी, ट्रक नंतर.

इंजिन, तारा, वजन

इंजिन थंड असतानाच सुरू करून दाखवायला सांगा. चावी फिरवण्याआधी सर्वेअरने ब्लॉकवर हात ठेवायचा. कोमट लागला तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत जायचं. सेलड्राइव्हच्या रबरी डायफ्रामला व्होल्वो पेंटा सात वर्षांचं आयुष्य देते, बदलल्याची पावती मागा. मास्टच्या स्टीलच्या तारा दहा वर्षांवरच्या असतील तर विमा कंपन्या कुरकुर करतात. नव्या तारांचे पैसे भावातून वजा करा. मागच्या पायऱ्या पाण्यात बुडालेल्या आणि शेवाळाची रेघ तळाच्या रंगाच्या वर गेलेली दिसली तर बोट जास्त वजनाने दबली आहे. हलकी कॅटामरान वजनाने मंद होते आणि पुलाखाली थपडाही जास्त खाते.

ताबा घेताना प्रत्येक सी-कॉक (हलमधल्या पाण्याच्या भोकावरची झडप) स्वतः उघडून-बंद करून बघा. जो हलत नाही त्याचा फोटो काढा, आणि तो बदलल्याशिवाय शेवटचा हप्ता सोडू नका.