ताप आला, आता चिठ्ठी कुठून आणू? जर्मनीतला अनुभव

श्टुटगार्टजवळच्या एका कंपनीत रुजू होऊन मला अडीच महिने झाले होते. नोव्हेंबर, बाहेर पाच वाजताच अंधार, आणि गुरुवारी सकाळी अंगात सणकून ताप. मी काय केलं? पॅरासिटामोल घेतली, मफलर गुंडाळला आणि ऑफिसला गेले. सांगली-पुण्यात वाढलेल्या माणसाला यात वावगं काही वाटत नाही. तोंड दाखवायचं, साहेबाने आपली अवस्था पाहायची, मग त्यानेच म्हणायचं, "अगं जा घरी." इथे टीमलीडने तसं म्हटलं खरं, पण सुरात कौतुक नव्हतं. शेजारच्या टेबलावरचा सहकारी लॅपटॉप उचलून दुसऱ्या खोलीत जाऊन बसला. आजारी असताना कामावर येणं ही इथे निष्ठा नाही, बाकीच्यांना आजारी पाडण्याचा उद्योग आहे.

त्यानंतरच्या पाच दिवसांत मी ज्या ज्या चुका केल्या त्या क्रमाने सांगते. नव्याने येणारी बहुतेक मराठी मंडळी याच करतात, हे पुढच्या तीन वर्षांत पाहिलं.

पहिली चूक शब्दांची. इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मी त्या एकच समजत होते. 'क्रांकमेल्डुंग' म्हणजे मी आजारी आहे, आज येत नाही, असं कंपनीला कळवणं. हे पहिल्याच दिवशी, कामाची वेळ सुरू होण्याआधी करायचं. 'क्रांकश्राइबुंग' म्हणजे डॉक्टरने दिलेलं काम करण्यास असमर्थ असल्याचं प्रमाणपत्र. पहिलं तुमचं काम, दुसरं डॉक्टरचं. प्रमाणपत्र नंतर येणारच आहे म्हणून कळवायचं राहून गेलं, तर रीतसर ताकीद मिळू शकते, मग तुम्ही खरोखर अंथरुणाला खिळलेले असा नाहीतर नसा.

आणि कळवायचं म्हणजे कळवायचं. मी शुक्रवारी टीमलीडला जो मेसेज पाठवला तो आज वाचला की हसू येतं. कालपासून घसा दुखतोय, रात्री ताप 39 वर गेला, थोडं बरं वाटलं तर दुपारी लॉगइन करते, आज सुट्टी मिळेल का, गैरसोयीबद्दल क्षमस्व. वर पुरावा म्हणून थर्मामीटरचा फोटो! उत्तर एका ओळीचं आलं: "गूटे बेसरुंग", म्हणजे लवकर बरी हो. आजारपणाची परवानगी मागतात हेच त्या बिचाऱ्याच्या गावी नव्हतं. आता माझा मजकूर तीन वाक्यांचा असतो. मी आजारी आहे, आज काम करू शकत नाही. बहुधा अमुक दिवसापर्यंत. डॉक्टरकडे जाऊन आल्यावर तारखा कळवते. काय झालंय ते लिहायचं नाही. विचारण्याचा अधिकार साहेबाला सहसा नसतो, आणि बहुतेक साहेब विचारतही नाहीत.

दुसरी चूक दिवस मोजण्याची. कायदा सांगतो की आजारपण तीन दिवसांपेक्षा लांबलं तर पुढच्या कामाच्या दिवशी प्रमाणपत्र हवं. मी म्हटलं, शुक्रवार एक, मग शनिवार-रविवार सुट्टीच, सोमवार दोन, म्हणजे अजून अवकाश आहे. इथेच फसले. हे तीन दिवस कॅलेंडरचे असतात, शनिवार-रविवार धरून. शुक्रवारी आजारी पडलात की सोमवार हा चौथा दिवस. शिवाय कंपनी पहिल्याच दिवसापासून प्रमाणपत्र मागू शकते, आणि ते बऱ्याचदा करारात कुठेतरी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. तेव्हा धडधाकट असतानाच एकदा करार काढून 'आजारपण' हे कलम वाचून ठेवा.

सोमवारी मी फोन घेऊन बसले. घराजवळचे तीन दवाखाने लावले. एकाने सांगितलं नवे पेशंट घेत नाही, दुसऱ्यानेही तेच, तिसऱ्याकडे टेप वाजत राहिली. इथे प्रत्येकाचा एक 'हाउसआर्त्स्ट' असतो, आपल्याकडे पूर्वी गल्लीत फॅमिली डॉक्टर असायचे तसा. आल्या आल्या, तब्येत ठणठणीत असतानाच तो शोधून तिथे नाव नोंदवून यायचं असतं. अनमेल्डुंग (म्हणजे राहत्या पत्त्याची सरकारी नोंदणी), बँक खातं, सिमकार्ड यांच्या यादीत हे काम कुणी मला सांगितलं नव्हतं, म्हणून मी तुम्हाला सांगतेय. बुधवारी आणि शुक्रवारी दुपारी बरेच दवाखाने बंद असतात. डॉक्टर सुट्टीवर गेला असेल तर दारावरच्या कागदावर बदली डॉक्टरांचे पत्ते असतात, तो कागद वाचा, परत फिरू नका.

मंगळवारी सकाळी साडेसातला मी एका दवाखान्याच्या दारात जाऊन उभीच राहिले. माझ्या फ्लॅटमधल्या नागपूरच्या ताईने तसं बजावलं होतं: "फोनवर नाही म्हणतात, समोर आलेल्या तापाच्या माणसाला हाकलत नाहीत." खरंच नाही हाकललं. काउंटरवरच्या बाईंनी विमा कार्ड मागितलं, ते मशीनमध्ये घातलं आणि बसायला सांगितलं. कार्ड अजून पोस्टाने आलं नसेल तर विमा कंपनीला, म्हणजे तुमच्या क्रांकेनकासेला फोन करा. विमा असल्याचा तात्पुरता कागद ते पाठवतात, तो चालतो.

वेटिंग रूममध्ये येणारा प्रत्येक जण सगळ्या खोलीला उद्देशून "गूटन मॉर्गन" म्हणत होता आणि खोकणारे सगळे मिळून उत्तर देत होते. एवढी माणसं एकमेकांशी बोलताना मी त्या देशात पहिल्यांदाच पाहिली.

डॉक्टरांनी घसा पाहिला, छाती तपासली, गरम चहा प्या आणि झोपा म्हणाले. अँटिबायोटिक नाही, इंजेक्शन नाही. ज्यांना सलाइन लावल्याशिवाय बरं वाटत नाही त्यांनी मनाची तयारी करून जावं. मग त्यांनी विचारलं, "किती दिवस लागतील तुम्हाला?" मी आधीच घोकून ठेवलं होतं, दोनच द्या म्हणायचं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, "शुक्रवारपर्यंत" म्हणाले आणि टाइप केलं. मागच्या शुक्रवारपासून लिहाल का, असं मी विचारलं. नाही म्हणाले. मागची तारीख अपवादानेच, तीही फार तर तीन दिवस. प्रमाणपत्र मंगळवारपासूनच मिळालं, आणि एचआरच्या तोडग्यात सोमवारची माझी एक रजा गेली. कॅलेंडर न पाहण्याची किंमत म्हणून ठीकच.

घरी येताना हातात दोन कागद. एकावर लिहिलेलं 'जे 06.9 जी'. मी बसस्टॉपवरच गूगल केलं, हात थरथरत होते. निघालं साधं सर्दी-पडसं, श्वसनमार्गाच्या वरच्या भागाचा संसर्ग. 'जी' म्हणजे निदान पक्कं आहे. हा कागद तुमच्या स्वतःसाठी असतो. दुसऱ्यावर आजाराचा कोड नसतो, फक्त तारखा, तो कंपनीसाठीचा नमुना. मी अर्थातच पहिला कागद स्कॅन करून टीमलीडला पाठवला. पाच मिनिटांत उत्तर: "हे मला दिसायला नको होतं, मी डिलीट केलंय."

आणि खरं तर कुठलाच कागद पाठवायची गरज नव्हती. पूर्वी इथे पिवळी चिठ्ठी असायची, लोक ती पोस्टाने कंपनीला धाडत. 1 जानेवारी 2023 पासून सरकारी विमा असलेल्यांसाठी हे सगळं इलेक्ट्रॉनिक झालं. डॉक्टर माहिती क्रांकेनकासेला पाठवतो, कंपनी तिथून उचलते. फक्त कंपनीला कळायला हवं की उचलायला काहीतरी आहे. म्हणून डॉक्टरकडून आल्यावर "आज डॉक्टरकडे गेले होते, शुक्रवारपर्यंत प्रमाणपत्र आहे" एवढं सांगायचं. तुमचा विमा खासगी असेल तर मात्र अजूनही कागदच द्यावा लागतो.

शुक्रवारपर्यंत बरं वाटलं नाही तर? पुन्हा जायचं, आणि कागदावर 'फोल्गेबेशाइनिगुंग', म्हणजे पुढचं प्रमाणपत्र, या चौकटीत खूण आहे ना ते पाहायचं. मध्ये एकही दिवस मोकळा सोडू नका. आजारपण लांबलं की या सलगपणावर पैसे अवलंबून असतात.

पैशांचं थोडक्यात. पहिले सहा आठवडे कंपनी पूर्ण पगार देते, त्यानंतर क्रांकेनकासे कपातीआधीच्या पगाराच्या 70 टक्के देते, पण हातात येणाऱ्या पगाराच्या 90 टक्क्यांहून जास्त नाही. नोकरीच्या पहिल्या चार आठवड्यांत कंपनीवर ही जबाबदारी नसते, तेव्हाही क्रांकेनकासेकडेच जावं लागतं. शिकता शिकता काम करणाऱ्यांना आणि मिनीजॉबवाल्यांनाही (म्हणजे ठरावीक मर्यादेपर्यंतच्या कमी पगाराची छोटी नोकरी करणाऱ्यांनाही) आजारपणाचा पगार लागू आहे. हे अनेक विद्यार्थ्यांना माहीत नसतं, आणि काही मालकांना ते माहीत नसणं सोयीचं असतं. परीक्षा चुकली असेल तर मात्र नोकरीची चिठ्ठी पुरेलच असं नाही. बऱ्याच विद्यापीठांचा त्यासाठी वेगळा फॉर्म असतो, डॉक्टरकडे जाताना तो छापून न्या.

प्रोबेशनमध्ये आजारी पडलं तर काढून टाकतील का, हा प्रश्न मला दर हिवाळ्यात कुणीतरी विचारतं. आजारी माणसाला काढता येत नाही हा समज चुकीचा आहे. प्रोबेशनमध्ये दोन आठवड्यांच्या नोटिशीवर सहसा काढता येतं. पण चार दिवसांच्या तापासाठी कुणाला काढलेलं मी तरी पाहिलेलं नाही. तापात काम करून ग्राहकाला चुकीची फाइल पाठवणारा मात्र पाहिलाय.

एकदा दवाखान्यात नाव लागलं की सोपं होतं. डिसेंबर 2023 पासून, ओळखीच्या पेशंटला लक्षणं गंभीर नसतील तर डॉक्टर फोनवरूनही पाच दिवसांपर्यंत प्रमाणपत्र देऊ शकतो. व्हिडिओवर तपासून अनोळखी पेशंटलाही तीन दिवसांपर्यंत मिळू शकतं. पण फॉर्म भरा, पैसे टाका, डॉक्टरशी न बोलता चिठ्ठी घ्या, असल्या वेबसाइटच्या नादी लागू नका. त्यात नोकरी जाते. कामानिमित्त दुसऱ्या शहरात असाल तर सरकारी विम्याचं कार्ड देशभर चालतं. रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी, दवाखाने बंद असताना, डॉक्टरसाठी 116117 लावा. 112 हा जिवावर बेतलं तरच.

आता खरी गंमत. दोन वर्षांनी गणपतीला सांगलीला आले आणि चौथ्या दिवशी डेंग्यू. घरीच होते, आई काढा घेऊन उशाशी, पण नोकरीच्या दृष्टीने मी परदेशात आजारी! जर्मनीचा कायदा या बाबतीत माझ्या बाजूचा आहे. सुट्टीत आजारी पडलात आणि डॉक्टरचं प्रमाणपत्र असेल, तर ते दिवस रजेतून कापले जात नाहीत. पण परदेशातून कळवताना तीन गोष्टी लगेच सांगाव्या लागतात: आजारी आहे, अंदाजे किती दिवस, आणि सध्याचा पत्ता. सरकारी विमा असेल तर क्रांकेनकासेलाही कळवायचं, आणि परतल्यावर आल्याचं सांगायचं.

मिरजेच्या डॉक्टरांनी पहिलं सर्टिफिकेट आपल्या नेहमीच्या पद्धतीने दिलं: डेंग्यू ताप, विश्रांतीचा सल्ला. एचआरने नम्रपणे परत पाठवलं. आजारी असणं वेगळं आणि कामाला असमर्थ असणं वेगळं, हा फरक परदेशी डॉक्टरच्या कागदातूनही दिसला पाहिजे. शिवाय कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, हेही हवं. आजाराचं नाव त्यांना नकोच होतं. मी पुन्हा गेले. डॉक्टर आधी वैतागले, "तिकडच्यांना डेंग्यू काय माहीत!" मग छापील नमुना काढला. त्यावर माझी सही घेतली आणि ओळखीची खूण विचारली. माझा गोंधळलेला चेहरा पाहून म्हणाले, "नियम आहे, 2002 चा. पेशंटची सही आणि एक खूण लागतेच." त्यांनी चष्म्यातून निरखून लिहिलं, डाव्या गालावर तीळ. खाली रजिस्ट्रेशन नंबर, शिक्का, आणि एक प्रत त्यांच्या फाइलला.

परदेशातली प्रमाणपत्रं कंपन्या डोळ्यांत तेल घालून वाचतात, आणि कोर्टही. एकाला ट्युनिशियात 24 दिवस घरी सक्त विश्रांती, प्रवास बंद, असं लिहून मिळालं, आणि दुसऱ्याच दिवशी त्याने त्या मुदतीतलंच परतीच्या बोटीचं तिकीट काढलं. जानेवारी 2025 मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च कामगार न्यायालयाने म्हटलं की असं सगळं एकत्र पाहिलं तर प्रमाणपत्राबद्दल शंका घेता येते. तेव्हा विश्रांतीच्या तारखा आणि विमानाच्या तारखा एकमेकींना छेद देत नाहीत ना, ते बघा. आणि निघण्याआधी प्रवासातल्या आजारपणाचा वेगळा विमा घ्या. जर्मनीचा सरकारी विमा भारतातला दवाखान्याचा खर्च देत नाही. हा वेगळा विमा वर्षाला दहा-वीस युरोत मिळतो.

परतल्यावर एचआरची मेल आली: सात दिवस रजा खात्यात परत जमा. संध्याकाळी आईला फोनवर सांगितलं. तिला आधी खरंच वाटेना.

"म्हणजे आजारी पडलीस त्याची सुट्टी वेगळी धरली?"

"हो."

"मग ते सात दिवस घेऊन दिवाळीला ये की. आणि या वेळी मच्छरदाणीत झोप."