डोळ्याभोवतीच्या रक्तवाहिन्यांवर उपचार झालेत? या चुका टाळा

रक्तवाहिन्यांची गाठ आक्रसावी म्हणून तिच्यात औषध टोचतात, ती स्क्लेरोथेरपी. त्यानंतर सूज येणार, हे डॉक्टर आधीच सांगून ठेवतात. ते खरंही आहे. पण घोटाळा होतो तो इथेच. घरचे सूज उतरायची वाट पाहत बसतात आणि सुजलेल्या पापणीआड दिसतंय की नाही, हे कोणी बघतच नाही.

डोळ्याची खोबण हाडाची, आत जेमतेम 30 मिलिलिटर जागा. तिथे रक्तस्राव झाला किंवा सूज वाढली की दाब थेट डोळ्याच्या नसेवर येतो. पडद्याचा रक्तपुरवठा तुटला तर तास-दीड तासात कायमचं नुकसान होऊ शकतं. त्यामुळे ठणका वाढत चालला, डोळा पुढे आला, हलेनासा झाला, उलट्या सुरू झाल्या किंवा अंधुक दिसू लागलं तर सकाळपर्यंत थांबू नका, रात्रीच इमर्जन्सी गाठा. गरज पडल्यास तिथे पापणीच्या बाहेरच्या कोपऱ्याला छेद देऊन दाब मोकळा करतात, बऱ्याचदा स्कॅनसाठीही न थांबता.

दोन्ही डोळे उघडे ठेवून ‘दिसतंय की’ म्हणण्यात अर्थ नाही. चांगला डोळा दुसऱ्याची उणीव झाकतो. तो तळहाताने पूर्ण झाका, सुजलेली पापणी हलकेच उचला आणि समोरची बोटं मोजायला लावा. मग बाटलीचं लाल झाकण एकेका डोळ्याने बघायचं. एका डोळ्याला ते विटकं, फिकट दिसलं तर नस दाबली जात असल्याची शंका घ्या. हे उपचाराच्या आदल्या दिवशीही करून ठेवा, नाहीतर तुलना कशाशी करणार? आणि मनाने घट्ट पट्टी बांधू नका. दाब वाढतो तो वेगळाच, वर नजरही तपासता येत नाही.

एम्बोलायझेशन, म्हणजे रक्तवाहिनीत औषध सोडून ती आतून बंद करणं, झालं असेल तर ‘दुखत नाही, म्हणजे ठीक आहे’ हा हिशोब चुकीचा. चेहऱ्याच्या काही धमन्या डोळ्याच्या धमनीला जोडलेल्या असतात. त्या वाटेने औषध पडद्यापर्यंत गेलं तर नजर अचानक जाते, तीही अजिबात न दुखता.

अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन विचारल्याशिवाय नको.

लहान मुलं तक्रार करत नाहीत, ही खरी पंचाईत. पापणी बरेच दिवस मिटलेली राहिली तर तो डोळा आळशी होतो, म्हणजे मेंदू त्याच्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. चांगला डोळा झाकल्यावर मूल रडतं, हात झटकतं? मग ठरलेल्या तारखेची वाट न पाहता बाल-नेत्रतज्ज्ञांना दाखवा. गाठ आक्रसल्यावर चष्म्याचा नंबरही पुन्हा काढून घ्या, विशेषतः सिलिंड्रिकल.