‘पास आउट’ कुठे ठेवायचं, कुठे खोडायचं

भाचीने एडिनबराच्या विद्यापीठासाठीचा अर्ज वाचायला दिला. दुसऱ्याच ओळीत होतं, ‘आय पास्ड आउट इन २०२१’. मी ‘आउट’खाली पेन्सिलीने रेघ ओढली. ती म्हणाली, "मावशी, सगळे असंच म्हणतात गं."

म्हणतात, आणि का म्हणतात तेही कळतं. मराठीत आपण कॉलेजातून ‘बाहेर पडतो’, म्हणून तो ‘आउट’ कानाला बरोबर वाटतो. पण ब्रिटन-अमेरिकेतला वाचक या वाक्याचा पहिला अर्थ ‘२०२१ साली मी बेशुद्ध पडले’ असाच घेईल.

ओळखायचं कसं? पुढे कर्म आहे का ते बघा. ‘द टीचर पास्ड आउट द पेपर्स’ म्हणजे बाईंनी पेपर वाटले. कर्म नसेल तर शुद्ध हरपली. तिसरा अर्थ सैनिकी प्रशिक्षण पुरं करून बाहेर पडण्याचा. तो अस्सल ब्रिटिश आहे, तिथे पोलीस आणि अग्निशमन दलातही चालतो. खडकवासल्याच्या एनडीएत तीन वर्षं काढून कॅडेट ‘अंतिम पग’ ओलांडतात, ती पासिंग आउट परेडच. त्यामुळे ‘हा शब्दप्रयोग आपणच काढला, तो चूकच’ असं कुणी म्हटलं तर मला पटत नाही. आपण तो परेड मैदानावरून कॉलेजात आणला, एवढंच.

मग अर्जात काय लिहायचं? ‘आय ग्रॅज्युएटेड फ्रॉम...’ आणि पुढे कॉलेजचं नाव. हा ‘फ्रॉम’ गाळू नका, निम्म्या अर्जांत तो नसतो. परीक्षेबद्दल नुसतं ‘पास्ड द एक्झाम’. बारावीसाठी ‘फिनिश्ड स्कूल’ दोन्ही देशांत समजतं. ‘२०२१ पासआउट’ऐवजी ‘२०२१ ग्रॅज्युएट’. आणि हो, ‘फ्रेशर’ही बदला. ब्रिटनमध्ये फ्रेशर म्हणजे विद्यापीठात नुकताच दाखल झालेला विद्यार्थी.

पुण्यातल्या कंपनीला अर्ज करताना ‘पासआउट’ खुशाल लिहा. तिथे नोकरीच्या जाहिरातीतही तोच शब्द असतो, समोरच्याला नेमकं कळतं. शब्द वाचणाऱ्यासाठी असतो, हे मी वर्गात वर्षानुवर्षं सांगत आले.

भाचीने ते वाक्य बदललं. खाली घरच्यांविषयीच्या परिच्छेदात तिने धाकट्या भावाबद्दल लिहिलं होतं, ‘ही विल पास आउट ऑफ द एनडीए नेक्स्ट मे’. तिथे मी पेन्सिल लावली नाही.