सोयाबीनच्या सुगीत पुस्तक पुढे सरकत नाही? माझा अनुभव

लक्षण असं: पुस्तक उघडलं की मागचीच पानं पुन्हा वाचावी लागतात. आमच्या लातूर भागात आश्विनात सोयाबीनची काढणी, घटस्थापना, तुळजापूरला जाणारे पाहुणे, पाठोपाठ हरभऱ्याची पेरणी, सगळं एकदमच येतं. रात्री वाचायला घेतलं तर डोळे मिटायचे, पहाटे उठले तर चहाला माणसं हजर. फार चिडचिड व्हायची.

जमलं ते या क्रमाने. अंगणात ताडपत्रीवर सोयाबीन वाळत घातलं की शेळ्या-कोंबड्यांसाठी राखणीला कुणीतरी बसावंच लागतं; ती राखण सासूबाईंकडून मागून घेतली. फोन घरात ठेवला. आधी दाणे पायाने हलवायचे, मग वाचायचं, पुन्हा हलवायची वेळ झाली की थांबायचं. मात्र प्रकरण संपवून नाही, रंगात आलेल्या परिच्छेदातच उठायचं. सगळी किमया इथेच आहे. उठण्याआधी कॅलेंडरच्या जुन्या पानाच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने एक ओळ: कोण कुठे आहे, आता काय होणार. तीच चिठ्ठी खूण म्हणून आत. पुढच्या वेळी ती ओळ वाचून थेट सुरुवात, मागचं पान उलटायचं नाही.

ओलावा १२ टक्क्यांवर येऊन माल आडतीवर गेला, तोवर कादंबरी संपली होती. दिवाळी अंकांनाही हे चालतं, फक्त चिठ्ठी प्रत्येक कथेला वेगळी ठेवा.