गळणारे डिफरन्शियल कव्हर आणि ओंटारिओतला माझा पहिला हिवाळा

सांगलीजवळ आयटीआयमधून मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण करून आणि पुढे चार वर्षे जीप-टेम्पोच्या गॅरेजमध्ये हात काळे करून मी कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात आलो, तेव्हा डिफरन्शियल, म्हणजे इंजिनाची ताकद दोन्ही चाकांना वाटून देणारा ॲक्सलमधला गिअरचा डबा, खोलणे हे काम मला नवे नव्हते. तरीही पहिल्या हिवाळ्याच्या अखेरीस माझ्या वाट्याला आलेल्या एका जुन्या फोर्ड एफ-१५० पिकअपने मला जे शिकवले, ते या व्यवसायात नव्याने येणाऱ्यांच्या उपयोगी पडेल असे वाटते.

तक्रार साधी होती. मागच्या ॲक्सलखाली, जिथे गाडी उभी राहते तिथे, तेलाचा डाग पडत होता. आपल्याकडे असे म्हटले की पॅकिंग गेले किंवा ऑईल सील गेले, एवढेच मनात येते. इथे मात्र हिवाळाभर रस्त्यावर बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकतात आणि ते गाडीखालचे लोखंड खाते. डिफरन्शियलचे मागचे कव्हर पत्रा दाबून बनवलेले असते. त्याच्या खालच्या कडेशी मीठ आणि चिखल साचून राहतो, पापुद्रे सुटतात आणि शेवटी सुईच्या टोकाएवढे भोक पडते. अशा वेळी नुसते पॅकिंग बदलून काहीच साधत नाही, कव्हरच बदलावे लागते. बाहेरून इपॉक्सी थापून गळती थांबवणारेही आहेत, पण गंजलेला पत्रा त्याच्याखाली झिजतच राहतो.

गळती नेमकी कुठून होते हे ठरवण्याची घाई करू नये. गाडी धावताना तेल वाऱ्याने मागे उडते, त्यामुळे पुढच्या पिनियन सीलमधून (इंजिनाकडून येणारा दांडा डब्यात शिरतो तिथल्या सीलमधून) गळणारे तेलही कव्हरवरून ओघळल्यासारखे दिसते. आधी सगळा भाग स्वच्छ पुसावा, गाडी थोडी फिरवून आणावी आणि मग दिवा धरून पाहावे. तेलाचा वासही घ्यावा: गिअर ऑईलला गंधकाचा उग्र दर्प असतो, तर चाकाच्या आतल्या बाजूला ओल असली तर ते ब्रेक ऑईलही असू शकते. ॲक्सलवरचा ब्रीदर, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणारे छोटे तोंड, चोंदलेला आहे का, हेही त्याच वेळी तपासावे. तो बंद असला तर तापलेल्या हवेचा दाब आत साठतो आणि चांगल्या सीलमधूनही तेल बाहेर ढकलतो; कव्हर बदलून गाडी महिन्याभराने परत येण्याचे हे एक कारण आहे.

आता माझी चूक. या गाडीच्या ॲक्सलला तेल काढण्याचा वेगळा बोल्ट नव्हता. कव्हरचे दहा बोल्ट सैल करून, वरचे दोन तसेच ठेवून, कव्हर खालून उचकटायचे आणि तेल भांड्यात सोडायचे. ते मी सफाईने केले. नंतर तेल भरण्याचा प्लग फिरवायला गेलो तर तो गंजून जाम झालेला, आणि त्याचा चौकोनी खाचा माझ्या पान्याने गोल होऊन बसला. गाडी आता तेलाविना लिफ्टवर अडकली. गॅरेजमधल्या जुन्या मिस्त्रींनी मला रागावून काही म्हटले नाही, फक्त विचारले, "भरायचं कुठून, हे आधी पाहिलं होतंस का?" रात्रभर गंज सोडवणारे तेल मुरवून, सकाळी त्या गोल झालेल्या खाच्यात किंचित मोठा टॉर्क्स बिट (चांदणीच्या आकाराच्या टोकाचा) हातोडीने ठोकून बसवल्यावर तो प्लग सुटला. तेव्हापासून भरण्याचा प्लग हाताने फिरतो याची खात्री झाल्याशिवाय मी एकही कव्हर उघडलेले नाही.

कव्हर निघाल्यावर सर्वांत जास्त वेळ पुसण्यात जातो, आणि नवखा माणूस नेमका तिथेच वेळ वाचवायला पाहतो. हाऊसिंगच्या तोंडावर जुन्या सिलिकॉनची एखादी सालही राहिली तर तिथूनच पुन्हा पाझर सुटतो. ती स्क्रॅपरने काढावी. ड्रिलला लावायच्या घासणाऱ्या चकत्या इथे वापरू नयेत. त्यांची बारीक पूड बेअरिंगमध्ये जाते आणि क्राऊन-पिनियनचे, म्हणजे आतल्या मुख्य गिअरजोडीचे, आयुष्य संपवते. क्लीनरही थेट आत न फवारता कापडावर घेऊन पुसावे. तळाच्या चुंबकावर करड्या रंगाचा मऊ लगदा दिसला तर घाबरण्याचे कारण नाही, पण त्यात दातांचे तुकडे किंवा चकाकणाऱ्या पाती सापडल्या तर काम थांबवून मालकाला बोलवावे.

एका बोल्टखाली पत्र्याची छोटी चिठ्ठी असते, ती फेकू नये. आमच्या गाडीवर तिच्यावर ३एल७३ असे कोरलेले होते. म्हणजे गिअरचे गुणोत्तर ३.७३, आणि मधला एल सांगतो की डिफरन्शियल लिमिटेड स्लिप प्रकारचे, म्हणजे एकच चाक मोकळे फिरत राहू न देणारे, आहे. अशा डिफरन्शियलमध्ये तेलाबरोबर फ्रिक्शन मॉडिफायर, म्हणजे आतल्या क्लचचे घर्षण सौम्य करणारे द्रव्य, घालावा लागतो, नाहीतर वळणावर चाके थरथरतात.

सांगलीत आम्ही पॅकिंगचा कागद हाऊसिंगच्या तोंडावर ठेवून हातोडीने कडेकडेने ठोकत तो कापत असू. इथे बहुधा सिलिकॉनच वापरतात. त्याची एकसंध दोरी बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने ओढायची, आणि पंधरा मिनिटांच्या आत कव्हर बसवायचे. बोल्ट समोरासमोरचे घेत, दोन फेऱ्यांत, टॉर्क पान्याने (किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्याने) सुमारे ४५ न्यूटन-मीटरवर कसावेत. त्याहून जास्त ओढले तर कडा वाकते. ट्यूबवर दिलेल्या वेळेपर्यंत सिलिकॉन वाळू द्यावे, त्याआधी तेल भरू नये. या गाडीत जवळजवळ अडीच लिटर तेल गेले. पातळी पाहताना गाडी सपाट असावी, आणि तेल भोकाच्या कडेपासून किंचित खाली राहिले तरी चालते.

ओंटारिओत हलक्या गाड्यांच्या या व्यवसायाला ३१०एस म्हणतात आणि परवान्याविना तो करता येत नाही. उमेदवारीचे ७,२२० तास धरले जातात, त्यांतले ७२० वर्गातले असतात. भारतातला अनुभव तपासून मान्य करून घेण्याची सोय आहे, पण त्यासाठी जुन्या मालकाचे, तुम्ही कोणती कामे किती काळ केली हे स्पष्ट लिहिलेले पत्र लागते. निघण्यापूर्वी ते घेऊन ठेवा. इथे आल्यावर फोनवरून मागवायला मला बराच वेळ लागला. हत्यारे उमेदवाराला स्वतःची आणावी लागतात, तेव्हा हप्त्यावर मोठी पेटी घेण्याआधी गोटी पान्यांचा एक चांगला संच आणि टॉर्क पाना घ्यावा.

तो पिकअप मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फिरवून आणला, कव्हरखाली पांढरा कागद पसरला आणि गॅरेज बंद केले. सकाळी कागद कोरडा होता. मिस्त्रींनी वाकून पाहिले, कागद उचलून कचऱ्यात टाकला आणि पुढच्या गाडीची किल्ली माझ्या हातात दिली.